कौशल्य जन्माने येत नाही

मलय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे अरण्य. बोर्निओ व सुमात्रा बेटांवरील ओरांगउटान या महावानराचा अभ्यास विलक्षण धीराचा आहे. पहाटे तो घरट्यातून उठल्यापासून सायंकाळी नवे घरटे बांधेपर्यंत अभ्यासक त्याच्यामागे फिरतात आणि त्याने काय, किती वेळ खाल्ले हे टिपतात. बिरुटे गाल्डिकास यांनी १९७१ साली बोर्निओत हे कार्य आरंभिले व अनेक दशके चालविले. फळे हे त्याचे मुख्य अन्न. टंचाईत तो पाने व झाडाची साल खातो.

सुमात्रातील सुआक बालिंबिंगच्या दलदलीत ओरांगउटान नीसियाच्या टणक फळातील बोचरे केस टाळून काडीने बिया काढतात. नदीपलीकडे तेच फळ आहे, पण काडीचा वापर नाही. सुआकमध्ये हे प्राणी परस्परांच्या सहवासात अधिक राहतात, म्हणून युक्ती एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचते, असे अभ्यासकांचे प्रतिपादन आहे. पिलूही सुमारे सात-आठ वर्षे आईजवळ राहून काय खावे व कसे खावे हे पाहून शिकते.

तेलताडाच्या लागवडीसाठी अरण्य तोडले जाते, तेव्हा झाडांबरोबर ही शिकवणही नष्ट होते. एक आई मारली गेली, तर तिचे पिलू पोरके होतेच, शिवाय अशिक्षितही राहते.

स्वतः पाहून, पारखून मगच स्वीकारावे, असे तथागतांनी शिकविले. अशा पारखण्यातून प्राणिजगतातही शिक्षणाचे मोल सिद्ध होते, याचे आम्हां शिक्षकांना विशेष अप्रूप वाटते.