शर्यत सुरू, पडदा बंद!

मित्रांनो, अशी कल्पना करा. क्रिकेटचा सामना रंगात आलाय. शेवटचं षटक, सहा चेंडूंत नऊ धावा हव्यात. घरातली सगळी मंडळी टीव्हीसमोर. आजीनंसुद्धा जपमाळ बाजूला ठेवली आहे. आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर पाटी झळकते, ‘पुढचा खेळ पाहण्यासाठी वर्गणी भरा.’ काय होईल तुमच्या घरात? जो गोंधळ होईल, तस्साच गोंधळ २०११ साली ब्रिटनमधल्या लाखो घरांत झाला होता. फरक एवढाच, की तिथे क्रिकेट नव्हतं, मोटारींची शर्यत होती. तिचं नाव फॉर्म्युला वन.

ही शर्यत तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. जमिनीला चिकटून पळणाऱ्या, एका माणसापुरत्या गाड्या. वेग ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर! चाकं बदलायला गाडी क्षणभर थांबते. तुम्ही ‘एक, दोन, तीन’ म्हणेपर्यंत चारही चाकं बदललेली आणि गाडी पसार. वर्षभर वेगवेगळ्या देशांत शर्यती होतात, प्रत्येकीत गुण मिळतात आणि ज्याचे गुण सर्वांत जास्त तो जगज्जेता.

ब्रिटनमधल्या लोकांना या खेळाचं वेड आहे. १९५० साली जगज्जेतेपदाची पहिली शर्यत झाली तीच मुळी तिथल्या सिल्व्हरस्टोनला. तिथली मुलं रविवारी दुपारी जेवण आटोपून बाबांबरोबर टीव्हीसमोर बसायची. मरे वॉकर नावाचे एक समालोचक होते. त्यांचा आवाज सुरू झाला की वाटायचं, गृहस्थ खुर्चीवर बसलेलेच नाहीत, उभे राहून नाचतायत! ते चुकायचेही भरपूर. एखाद्या चालकाचं कौतुक करावं आणि पुढच्याच वळणावर त्याची गाडी बंद पडावी. लोक हसायचे आणि त्यांच्यावर आणखी प्रेम करायचे. १९९६ साली डेमन हिल जगज्जेता झाला, तेव्हा वॉकरसाहेबांचा गळा इतका दाटून आला की त्यांनी तसं सांगून बोलणंच थांबवलं. ती शांतता अजून लोकांच्या आठवणीत आहे.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं लोकांना फुकट कसं दिसायचं? तर फुकट काहीच नसतं, बरं का! ते नीट समजून घेऊ.

ब्रिटनमध्ये टीव्ही पाहायचा तर घरटी एक परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडेही पूर्वी रेडिओसाठी परवाना असायचा. पोस्टात जाऊन पैसे भरावे लागत. आजोबांना विचारा, ते सांगतील. तिथे या परवान्याच्या पैशांवर बी.बी.सी. चालते, म्हणून बी.बी.सी.वर जाहिराती नसतात. दुसऱ्या वाहिन्या आहेत आय.टी.व्ही. आणि चॅनल फोर. त्या जाहिरातींवर चालतात. तिथे तुम्ही पैसे देत नाही, वेळ देता! आणि तिसरी तऱ्हा स्काय नावाच्या कंपनीची. तिच्या क्रीडा वाहिन्या हव्या तर दर महिन्याला वेगळे पैसे मोजायचे.

या तिन्ही तऱ्हांमध्ये खोट आहे. १९९७ ते २००८ ही शर्यत आय.टी.व्ही.वर होती. २४ एप्रिल २००५ ला इटलीतल्या इमोलाची शर्यत सुरू होती. पुढे फर्नांडो अलोन्सो. मागे मायकेल शूमाकर, तेराव्या क्रमांकावरून सुरुवात करून थेट दुसऱ्यापर्यंत आलेला! शूमाकर कधी उजवीकडून तोंड घालतोय, कधी डावीकडून. अलोन्सो काही वाट देत नाही. शर्यत संपायला काही फेऱ्याच उरल्या आहेत, लोकांनी श्वास रोखलेत आणि... जाहिराती! अलोन्सो जिंकला, अवघ्या दोन दशांश सेकंदाच्या फरकानं. पण ऐन झुंजीचा तुकडा ब्रिटनच्या प्रेक्षकांनी पाहिलाच नाही. इतका आरडाओरडा झाला की वाहिनीला माफी मागावी लागली.

तरीसुद्धा त्याच आय.टी.व्ही.वर लोकांनी एक असा क्षण पाहिला, की विचारू नका. तारीख २ नोव्हेंबर २००८, ठिकाण ब्राझील. वर्षाची शेवटची शर्यत. लुईस हॅमिल्टन हा तेवीस वर्षांचा इंग्रज मुलगा. त्याला जगज्जेता व्हायला निदान पाचवा क्रमांक हवा होता. फेलिपे मासा हा ब्राझीलचाच चालक. त्यानं शर्यत जिंकली, रेषा ओलांडली. त्याच्या घरची माणसं एकमेकांना मिठ्या मारून नाचायला लागली, कारण त्या क्षणी हॅमिल्टन सहावा होता. पाऊस पडत होता. अगदी शेवटच्या फेरीच्या अगदी शेवटच्या वळणावर हॅमिल्टननं पुढच्या गाडीला मागं टाकलं. पाचवा! एका गुणानं जगज्जेता! तिकडे मासाच्या घरच्यांचे चेहरे उतरले.

आता सांगा, हा प्रसंग तुम्हाला रात्री कुणी दहा मिनिटांत कापून दाखवला, आणि निकाल तुम्हाला दुपारीच कळलेला असला, तर ती मजा येईल? शिळी भाकरी पोट भरते, पण तव्यावरची ती तव्यावरची. ‘थेट प्रक्षेपण’ या दोन शब्दांत सगळी गंमत आहे.

२००९ पासून शर्यती पुन्हा बी.बी.सी.वर आल्या. जाहिरातींची कटकट गेली. लोक खूश. आणि मग उजाडला २९ जुलै २०११. शुक्रवार होता. चालक हंगेरीत सराव करत होते. तिकडे ब्रिटनमध्ये जाहीर झालं, की पुढच्या वर्षापासून सगळ्या शर्यती थेट दिसतील त्या फक्त स्कायवर. बी.बी.सी. निम्म्याच थेट दाखवील, उरलेल्यांचा नंतर सारांश.

लोक खवळले. बी.बी.सी.कडे तक्रारींचा पाऊस पडला. बी.बी.सी.चं म्हणणं असं, की परवान्याची रक्कम १४५ पौंड ५० पेन्सवर काही वर्षांसाठी गोठवली आहे, खर्च मात्र वाढतोय, कुठे तरी कात्री लावावीच लागणार. लोक म्हणाले, ‘परवाना आम्ही भरतोच. आता त्यावर आणखी वर्षाला काहीशे पौंड स्कायला? तेही एका खेळासाठी?’ दुसरे काही अगदी उलट बोलत होते. स्कायनं या शर्यतींसाठी स्वतंत्र वाहिनीच काढली, शर्यत चालू असताना जाहिरात नाही, सरावसुद्धा थेट. ज्यांच्या घरी आधीच स्काय होतं, त्यांना घरबसल्या मेजवानी मिळाली. मार्टिन ब्रंडल हे माजी चालक आणि लाडके समालोचक, तेही स्कायकडे गेले. म्हणजे ज्या आवाजाची सवय झाली होती, तोसुद्धा पैसे भरून ऐकायचा!

एक सांगते, चाहत्यांचं डोकं भारी चालतं. जर्मनीत आर.टी.एल. नावाची वाहिनी ह्याच शर्यती फुकट दाखवायची. काही इंग्रज मंडळींनी छपरावरची तबकडी फिरवून ती वाहिनी पकडली. चित्र मिळालं, पण बोलणं जर्मन! मग टीव्हीचा आवाज बंद केला आणि शेजारी रेडिओ लावला, कारण बी.बी.सी.च्या रेडिओवर धावतं वर्णन चालूच होतं. आता गंमत अशी, की चित्र आणि आवाज जुळायचे नाहीत. रेडिओवरचे काका ओरडायचे, ‘गाडी धडकली!’ आणि टीव्हीवरची गाडी अजून मजेत पळतेय. काही सेकंदांनी ती धडकायची. भविष्य सांगणारा रेडिओच म्हणा ना!

ज्यांना हेही जमलं नाही, त्यांनी सारांशाची वाट पाहायची ठरवली. पण मग संध्याकाळपर्यंत निकाल कानावर पडू द्यायचा नाही! बातम्या बंद, फोन बंद, शेजाऱ्यांशी बोलणं बंद. १९७३ सालच्या एका इंग्रजी विनोदी मालिकेत दोन मित्र असेच फुटबॉलचा निकाल टाळत दिवसभर गावभर पळत असतात. एवढं करून शेवटी त्यांना कळतं, की सामना पाण्यामुळे झालाच नाही! ती गोष्ट लोकांना आता आपलीच वाटू लागली.

मग हे असं करतंच कोण आणि का? शर्यत ज्यांच्या मालकीची, ते ती दाखवण्याचा हक्क विकतात. जो जास्त पैसे देईल त्याला हक्क. त्या पैशांतला वाटा शर्यतीत उतरणाऱ्या संघांना मिळतो. २०१२ साली असे बारा संघ होते. गाडी बनवणारे इंजिनिअर, चाकं बदलणारे कामगार, देशोदेशी सामान नेणारी विमानं, या सगळ्याचा खर्च कुठून तरी यायला हवा. तेव्हा विकणारा अगदीच दुष्ट आहे असं नाही. पण याला दुसरी बाजू आहे. गाडीच्या अंगावर ज्या कंपन्यांची नावं रंगवलेली असतात, त्या पैसे देतात ते लोकांनी नाव वाचावं म्हणून. बघणारेच कमी झाले, तर नाव वाचणार कोण? म्हणजे एका खिशात भर पडली तरी दुसऱ्याला भोक पडू शकतं.

पालकांनो, इथे तुमच्यासाठीही दोन शब्द. ब्रिटनमध्ये १९९६ चा एक कायदा आहे. ऑलिंपिक, विश्वचषक फुटबॉल, विंबल्डनचे अंतिम सामने अशा काही स्पर्धांची यादी केलेली आहे. त्या सर्वांना पाहता येतील अशा वाहिन्यांना डावलून विकता येत नाहीत. मोटारशर्यत त्या यादीत नाही. आपल्याकडे २००७ साली असाच कायदा झाला. म्हणून भारताच्या क्रिकेट संघाचे महत्त्वाचे सामने खासगी वाहिनीनं विकत घेतले, तरी दूरदर्शनलाही द्यावे लागतात. मोटारशर्यतीला मात्र आपल्याकडेही असं संरक्षण मिळालेलं नाही. नारायण कार्तिकेयन २००५ साली या शर्यतीत उतरणारा पहिला भारतीय ठरला, आणि २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं ही शर्यत आपल्या ग्रेटर नोएडाला झाली. तरी ती पाहायची तर घरात केबल किंवा डिश हवीच होती. २०२३ पासून तर टीव्हीवरून गेलीच, पैसे भरून इंटरनेटवर पाहायची वेळ आली.

माझ्या चौथीच्या वर्गात मी हा विषय काढला. ‘खेळ बघायला पैसे घ्यावेत का?’ अर्धा वर्ग ‘हो’, अर्धा ‘नाही’. एक मुलगी म्हणाली, ‘सर्कशीला तिकीट असतंच की!’ खरं आहे. पण मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, ‘बाई, सर्कस मी पाहिली नाही, म्हणून सर्कशीत काय असतं ते मला माहीत नाही.’ मला त्या मुलाचं म्हणणं जास्त लागलं.

कारण बघा, हॅमिल्टन काही श्रीमंताघरचा नव्हता. त्याचं बालपण गेलं स्टीव्हनेज गावात. मुलाला छोट्या गाड्यांच्या शर्यतीत उतरवायचं म्हणून वडील एकापेक्षा जास्त नोकऱ्या करायचे. लहानपणी त्याचा देव होता ब्राझीलचा आयर्टन सेन्ना. दहा वर्षांचा असताना हा पठ्ठ्या एका समारंभात मॅक्लारेन संघाच्या प्रमुखांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मला एक दिवस तुमच्या गाडीतून शर्यत करायचीय! पुढे त्याच संघाच्या गाडीतून तो जगज्जेता झाला. ज्या घरात पैसे मोजून मापून खर्च होतात, तिथल्या मुलाला आज ही शर्यत दिसलीच नाही, तर तिथं जाऊन उभं राहायची इच्छा त्याला कशी होणार? मोठ्या माणसांच्या रागापेक्षा मला या प्रश्नाची काळजी वाटते.

पुढे काय झालं ते सांगते. २०१५ अखेर बी.बी.सी.नं उरलेल्या शर्यतीही सोडल्या. त्या चॅनल फोरनं घेतल्या. २०१९ पासून थेट प्रक्षेपण जवळजवळ पूर्णपणे स्कायकडे गेलं. सर्वांसाठी थेट उरली ती वर्षाला एकच, ब्रिटनमधली शर्यत. जर्मनीतही तेच. १९९१ पासून चाललेली आर.टी.एल.ची परंपरा २०२० अखेर थांबली, बहुतेक सगळ्या शर्यती पैसे भरणाऱ्यांसाठीच उरल्या. तबकडी फिरवायची सोयही गेली. नशिबाचा खेळ पाहा, त्याच २०२१ साली शूमाकरचा मुलगा मिक पहिल्यांदा या शर्यतीत उतरला!

मधे एकदा मात्र दार उघडलं. १२ डिसेंबर २०२१, अबू धाबी. हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापेन यांचे गुण अगदी सारखे, आणि शर्यत शेवटची. देशभर एवढी उत्सुकता होती की स्कायनं ती शर्यत चॅनल फोरलाही थेट दाखवू दिली. लाखो घरांत पुन्हा रविवारची दुपार रंगली. शेवटच्या फेरीत व्हर्स्टापेन पुढे निघाला आणि जगज्जेता झाला. त्या फेरीवरून आजही वाद घालतात लोक, आणि वाद घालणाऱ्यांत वर्गणी न भरणारेही आहेत, कारण त्यांनीही ती डोळ्यांनी पाहिली होती. २०२२ च्या मार्चमध्ये नवा हंगाम सुरू झाला, तेव्हा चॅनल फोरवर पुन्हा सारांशच होता.