साडेपाच तास आणि सहा किलो गहू

उन्हाळी कामांना हात घालायचा म्हटलं की आमच्या घरात पहिला प्रश्न एकच, ‘‘गहू कधी भिजत घालायचे?’’ ज्यांनी घरी कुरडया केल्या आहेत त्यांना या प्रश्नाचं वजन सांगायला नको. पहिले तीन दिवस गहू पाण्यात, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा आणि रात्रभर निवळत ठेवायचा. पाचव्या दिवशी पहाटे उठून चीक घाटायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्याने कुरडया पाडायच्या. मग दोन दिवस कडकडीत ऊन हवं. म्हणजे ऊन लागतं पाचव्या आणि सहाव्या दिवशी, पण निर्णय घ्यायचा पहिल्या दिवशी! एकदा गहू पाण्यात पडले की मागे फिरता येत नाही.

२०२४च्या एप्रिलमध्ये हा प्रश्न जास्तच अवघड झाला होता. नणंदेच्या मुलीचं लग्न मे महिन्यात होतं आणि रुखवतातल्या कुरडया मामाच्या घरून, म्हणजे आमच्या बार्शीहून जायच्या होत्या. सहा किलो गहू! सासूबाई दरवर्षी गच्चीवर उभं राहून वाऱ्याचा आणि आभाळाचा अंदाज घेतात. पण यंदा त्याच म्हणाल्या, ‘‘हल्ली पावसाचा काही नेम राहिला नाही बाई. तुझ्या कॉम्प्युटरला विचार.’’

माझा कॉम्प्युटर जुना आहे. टायपिंगची आणि फॉर्म भरून देण्याची कामं मी घरीच करते, त्यामुळे तो दिवसभर चालूच असतो. अगदीच हळू चालायला लागला तेव्हा याच भाचीने पुण्याहून येऊन त्यावर लिनक्स टाकून दिलं. सोबत ‘यू-लाँचर’ नावाचा एक छोटा, फुकटचा प्रोग्राम. कंट्रोल आणि स्पेस ही दोन बटणं एकत्र दाबली की पडद्याच्या मधोमध एक पट्टी येते. तिच्यात हवं त्या प्रोग्रामची दोन-चार अक्षरं लिहायची की तो समोर हजर. कपाट उचकत बसण्यापेक्षा नावाने हाक मारावी, तसंच हे. या पट्टीला आपल्या पदरचे अ‍ॅड-ऑन जोडता येतात, असंही तिने जाता जाता सांगितलं होतं.

हवामान सांगणारी अ‍ॅप्स मोबाइलवर आहेतच की, असं तुम्ही म्हणाल. मीही ती बघायचे. पण त्यात आख्ख्या दिवसासाठी एक ढगाचं चित्र आणि त्याखाली दोन थेंब. ते थेंब सकाळचे की रात्रीचे? रात्री दोनला पडणाऱ्या पावसाचं मला काय करायचंय, तेव्हा कुरडया घरात असतात! मला एवढंच हवं होतं : आज गहू भिजत घातले, तर पाचव्या आणि सहाव्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच ऊन मिळेल का? हा प्रश्न कुणाच्याच अ‍ॅपमध्ये नव्हता. कसा असेल? ज्यांनी ती केली त्यांच्या घरी गहू कुठे भिजत होते!

भाचीला फोन केला तर ती म्हणाली, ‘‘मामी, तूच कर ना. पायथॉन शिकायला घेतलं होतंस, त्याचं काय झालं?’’ झालं होतं एवढंच की चार धडे करून मी वही मिटून ठेवली होती. ती पुन्हा उघडली.

प्रत्यक्षात हे काम वाटतं तेवढं मोठं नाही. एका फोल्डरमध्ये मुख्य दोन फाइली. पहिलीत नाव-गाव : अ‍ॅड-ऑनचं नाव काय, चित्र कोणतं आणि कुठल्या शब्दाला ‘ओ’ द्यायची. मी शब्द ठेवला ‘ऊन’. दुसरीत खरं काम. पट्टीत ‘ऊन’ लिहिलं की इंटरनेटवरून अंदाज आणायचा, त्यातलं हवं ते निवडायचं आणि दोन-तीन ओळींत पट्टीखाली दाखवायचं. पायथॉनमध्ये एक ओळ जरी योग्य तेवढी आत सरकली नाही तरी सगळं अडतं, विणकामात एक टाका सुटावा तसं. पण टाका उसवून पुन्हा घालायची सवय आपल्याला असतेच.

अंदाज आणण्यासाठी ‘ओपन-मेटिओ’ नावाची सेवा घेतली. घरगुती, बिनव्यापारी वापराला ती पैसे घेत नाही, नावनोंदणीही नाही. आपलं ठिकाण अक्षांश-रेखांशात सांगायचं, बार्शीचे साधारण १८.२३ आणि ७५.६९. वेगवेगळ्या देशांच्या हवामान खात्यांची जी गणितं मोठमोठ्या कॉम्प्युटरवर चालतात, त्यांचे आकडे तिथून मिळतात. सात दिवसांचे तासातासाचे, म्हणजे १६८ तास. त्यातून मी तीनच गोष्टी मागितल्या : तापमान, हवेतला दमटपणा आणि पावसाची शक्यता.

पहिल्याच दिवशी एक गंमत कळली. आपण पट्टीत लिहीत असतो तेव्हा प्रत्येक अक्षराला ती अ‍ॅड-ऑनला उठवते. ‘ऊन’च्या पुढे मी गावाचं नाव लिहून बघत होते, तर दर अक्षरागणिक तिकडे वेगळी मागणी जात होती. फुकट देणाऱ्याच्या दारात उगीच दहादा कशाला जायचं? म्हणून एकदा आणलेले आकडे अर्धा तास साठवून ठेवायची सोय केली. अमेरिकेचं हवामानाचं गणितसुद्धा दिवसातून चारच वेळा नव्याने होतं, त्यामुळे अर्ध्या तासाने काही बिघडत नाही. नेट बंद असेल तर पाच सेकंद वाट पाहून ‘नेट नाही’ असं सरळ सांगायचं, हेही लिहिलं.

चार दिवसांत पट्टी बोलायला लागली. सासूबाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. पाचवा दिवस बरा दिसत होता. त्याच दिवशी गहू भिजत घातले.

पाचव्या दिवशी पहाटे उठून आधी पट्टी उघडली, तर आकडे बदललेले! अकराच्या समोर पावसाची शक्यता ६० टक्के आणि दुपारनंतर अगदी कमी. आता काय? चीक तर तयार. मी म्हटलं, ‘‘आई, अकराचं संकट टळू दे, मग घाटू.’’ अकरा वाजले, आभाळ निरभ्र. साडेअकरा झाले. पाऊस हुकला म्हणून आम्ही खूश! चीक घाटला, गल्लीतल्या दोघीजणी मदतीला आल्या, गच्चीभर प्लॅस्टिकवर कुरडया पाडल्या. सासूबाई मात्र कपाळाचा घाम पुसत म्हणाल्या, ‘‘लई उकडतंय. पश्चिमेला ढग बांधतोय बघ. निम्म्याच इथे घाला, निम्म्या आत पंख्याखाली घालू.’’ मी हसले. म्हटलं, ‘‘आई, दुपारनंतर काही नाही. कॉम्प्युटरमध्ये आहे.’’

चार वाजून दहा मिनिटांनी वळीव आला. वारा आधी, मग टपोरे थेंब. आम्ही धावलो, प्लॅस्टिक ओढली, पण ओल्या कुरडया कुठल्या उचलता येतात? पाच प्लॅस्टिकपैकी दोनच कशाबशा आत आणता आल्या. बाकीचा लगदा गच्चीच्या पन्हाळीतून वाहून गेला.

सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्री झोप लागली नाही. कॉम्प्युटर उघडून १६८ तासांची ती सगळी यादीच समोर घेतली. आधी वाटलं, अंदाजच खोटा. मग तापमानाच्या रकान्यावर नजर गेली. सगळ्यात मोठा आकडा, ४० अंश, सकाळी नऊच्या समोर! अहो, कुठल्या बार्शीत सकाळी नऊला सगळ्यात जास्त तापतं? आमच्याकडे खरी आग ओकते ती दुपारी अडीच-तीनला. नऊ आणि अडीच... मधे साडेपाच तास.

आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. लंडनजवळच्या ग्रीनिचची वेळ आणि आपली वेळ यांत साडेपाच तासांचा फरक आहे, हे आपण शाळेत भूगोलात घोकलेलं असतं. ८२.५ अंश पूर्व रेखांश, मिर्झापूर, सगळं पाठ! ही सेवा, आपण वेगळं सांगितलं नाही तर, ग्रीनिचच्या वेळेने उत्तर देते. मी वेगळं सांगितलंच नव्हतं. शिवाय तिथे अकराच्या समोरचा पावसाचा आकडा हा आधीच्या, म्हणजे दहा ते अकरा या तासाचा असतो. आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी साडेतीन ते साडेचार. पाऊस आला चार दहाला. अंदाज अगदी बरोबर होता, मीच तो चुकीच्या घड्याळावर वाचला होता. मागणीत ‘एशिया/कोलकाता’ एवढे दोन शब्द घातले आणि सगळे तास आपल्या जागी जाऊन बसले.

सकाळी सासूबाईंना खरं ते सांगितलं. चूक पावसाची नव्हती, कॉम्प्युटरचीही नव्हती, माझी होती. त्या म्हणाल्या, ‘‘चूक सापडली ना? मग गहू आणायला सांग.’’ एवढंच.

दुसऱ्या खेपेपूर्वी मी अ‍ॅड-ऑनमध्ये तीन बदल केले. पहिला, सगळ्यात वर ‘आज भिजवले तर’ अशी ओळ आणि त्यात पाचव्या नि सहाव्या दिवसाचा, आठ ते पाच या वेळातला पावसाचा सगळ्यात मोठा आकडा. दुसरा, आकडे कधी आणले ती वेळ शेजारी. तिसरा, सर्वांत जास्त तापमानाचा तास. तो दुपारचा दिसला की घड्याळ बरोबर आहे याची रोज आपोआप खात्री होते. आधी मी ‘भिजवा’ किंवा ‘थांबा’ असा थेट हुकूम लिहिणार होते. तो मोह टाळला.

कारण मधल्या काळात टक्क्यांचा अर्थ नीट समजून घेतला होता. ६० टक्के म्हणजे ६० टक्के गावात पाऊस, असं नाही. सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तेच गणित पुन्हा पुन्हा केलं जातं आणि त्यातल्या किती वेळा पाऊस पडला यावरून शक्यता काढतात. त्यातून वळवाचा पाऊस भारी लहरी. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते, तासा-दोन तासांत ढग बांधतो आणि एका पेठेत कोसळून दुसरी कोरडी ठेवतो. ही गणितं नकाशाचे चौकोन पाडून होतात. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ला सुरू झाली, तिचे चौकोन सहा किलोमीटरचे आहेत. त्याआधीचे बारा किलोमीटरचे होते. सहा किलोमीटरच्या एका चौकोनात आमची अख्खी बार्शी मावते. माझी गच्ची त्यात कुठे शोधणार? आणि पाच दिवस आधी तर नाहीच नाही. म्हणून पहिल्या दिवशी कॉम्प्युटर, पाचव्या दिवशी पहाटे पुन्हा कॉम्प्युटर आणि दुपारी सासूबाई, असा आमचा करार ठरला.

दुसऱ्या खेपेला पाचव्या दिवशी १५ टक्के आणि सहाव्या दिवशी चारच्या सुमाराला ३५ टक्के दिसत होते. आम्ही दोघींनी बसून ठरवलं : गहू भिजवायचे, पण सहाव्या दिवशी तीन वाजता कुरडया गोळा करायच्या, आभाळ कसंही असो. तीनला गोळा केल्या. पाऊस काही आला नाही. त्याचं वाईट वाटलं नाही, कारण ३५ टक्के म्हणजे न पडण्याची शक्यता जास्त, हे आता कळत होतं. कुरडया पांढऱ्याशुभ्र वाळल्या आणि गुलाबी-हिरव्या रंगाच्या काही खास पाडल्या होत्या, त्यांनी रुखवताचं टेबल सजलं.

हे सगळं करताना एका बाईंची ओळख झाली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. केरळातल्या अ‍ॅना मणी. १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या आणि पाऊस, वारा, ऊन मोजायची उपकरणं भारतातच बनावीत म्हणून त्यांनी काम केलं. देशात कुठे किती ऊन पडतं याच्या मोजमापाचे त्यांचे ग्रंथ आहेत. आपण ज्या उन्हात वाळवण घालतो, ते मोजायला शिकवणाऱ्यांत पुण्यात बसून काम करणारी एक बाई होती, हे वाचून मला फार बरं वाटलं.

मैत्रिणींनो, मी काही इंजिनिअर नाही. माझं अ‍ॅड-ऑन शंभरेक ओळींचं. त्यापेक्षा मोठं भरतकाम आपण सगळ्यांनी केलंय. पण आपल्या घरातला प्रश्न दुसऱ्या कुणी येऊन सोडवेल याची वाट किती बघायची? प्रश्न नेमका आपल्यालाच माहीत असतो. फक्त एक करा. यंत्राने दिलेला आकडा आपल्या ओळखीच्या एखाद्या गोष्टीशी ताडून बघा. दुपारचं ऊन सकाळी नऊला दिसलं, तर कुठेतरी गडबड आहेच.

आता एप्रिल उजाडला की सासूबाई सकाळी चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी येतात आणि विचारतात, ‘‘तुझं ऊन काय म्हणतंय?’’ मी आकडे वाचून दाखवते. आणि मग विचारते, ‘‘आई, गच्चीवर जाऊन आलात ना? तुमचं काय म्हणतंय?’’