शिरोग्रीवा कर्करोग : गिळण्याचे विकार व पक्षाघाताचा धोका

ओठ, मुखगुहा, जीभ, ग्रसनी (घसा), स्वरयंत्र, नासागुहा व लाला ग्रंथी यांत उद्‌भवणाऱ्या कर्करोगांना एकत्रितपणे ‘शिरोग्रीवा कर्करोग’ म्हणतात. मेंदू व डोळा यांचे कर्करोग त्यांत धरीत नाहीत. यांपैकी बहुतेक कर्करोगांचा प्रारंभ आतील अस्तराच्या सपाट कोशिकांत (पेशींत) होतो. भारतात तंबाखू, बिडी, सुपारी, गुटखा व मद्य ही त्यांची प्रमुख कारणे असून पुरुषांमध्ये मुखकर्करोगाचे प्रमाण विशेष आहे. पाश्चात्त्य देशांत मात्र मानवी पॅपिलोमा व्हायरसामुळे होणारा ग्रसनीचा कर्करोग गेल्या काही दशकांत वाढला आहे. हे रोगी तुलनेने तरुण असतात व उपचारानंतर पुष्कळ वर्षे जगतात. रोगी दीर्घकाळ जगू लागल्यामुळे उपचारांच्या उशिरा दिसणाऱ्या परिणामांना महत्त्व आले. गिळण्यातील अडचण व पक्षाघात हे त्यांपैकी दोन होत. वरवर पाहता त्यांचा परस्परांशी संबंध दिसत नाही. परंतु ग्रसनीचे स्नायू आणि मेंदूला रक्त पुरविणाऱ्या ग्रीवा रोहिण्या मानेत शेजारी शेजारी असल्यामुळे प्रारण चिकित्सेचे (किरणोपचाराचे) किरण दोहोंनाही भेदून जातात.

गिळण्याची क्रिया : घास चावून त्याचा लाळेत भिजलेला गोळा जीभ मागे ढकलते, येथपर्यंतची क्रिया इच्छेच्या अधीन असते. पुढचा टप्पा अनैच्छिक असून तो सुमारे एका सेकंदात आटोपतो. तेवढ्यात मृदू तालू वर उचलला जाऊन नाकाचा मार्ग बंद होतो, श्वास थांबतो, स्वरयंत्र वर व पुढे सरकते, त्यावरील झाकण मिटते आणि ग्रसिकेचे (अन्ननलिकेचे) तोंड उघडते. या क्रियेत अनेक स्नायू व पाच मस्तिष्क तंत्रिका (मेंदूतून निघणाऱ्या मज्जा) भाग घेतात. त्यांच्या कालमेळात किंचित चूक झाली, तरी अन्नकण श्वासनालात उतरतात.

कर्करोगामुळे हा मेळ अनेक प्रकारे बिघडतो. अर्बुदाच्या (गाठीच्या) वेदनेने अथवा अडथळ्याने निदानापूर्वीच गिळणे कठीण झालेले असते. सुपारीच्या सवयीने तोंडातील श्लेष्मकलेखाली तंतुमय ऊतक वाढून ज्यांचे तोंड पुरते उघडत नाही, अशा भारतीय रोग्यांत या अडचणीची भर पडते. शस्त्रक्रियेत जिभेचा मोठा भाग काढल्यास घास मागे ढकलता येत नाही. संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकलेल्या रोग्यात श्वासमार्ग व अन्नमार्ग अलग होतात; त्यामुळे अन्न श्वासनालात जाण्याची भीती सामान्यतः उरत नाही, पण अन्नमार्ग अरुंद होऊ शकतो.

प्रारण चिकित्सेत साधारणतः ६० ते ७० ग्रे इतकी मात्रा सहा ते सात आठवड्यांत रोज थोडी थोडी विभागून देतात. रासायनी चिकित्सा जोडीला दिल्यास रोग अधिक आटोक्यात येतो, परंतु घशाचा दाहही वाढतो. उपचार चालू असता तोंड येणे, लाळ आटणे व चव जाणे या तक्रारी बहुतेकांना होतात व पुढे काही महिन्यांत कमी होतात. लाळेची उणीव मात्र पुष्कळदा टिकून राहते. याहून चिवट असतो तो स्नायूंतील तंतुमय बदल. तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. त्यामुळे उपचार संपल्यावर नीट जेवू लागलेला रोगी पाच-दहा वर्षांनी पुन्हा ठसकू लागतो. कर्करोग परतला काय, हे आधी तपासावे लागते. तो परतलेला नसतानाही अशी अवनती होते. काही रोग्यांत ठसका लागतच नाही. घशाची संवेदना मंदावल्याने अन्नकण निःशब्दपणे फुप्फुसात उतरत राहतात आणि वारंवार होणारा फुप्फुसदाह (न्यूमोनिया) हेच पहिले लक्षण ठरते. ‘खोकला नाही म्हणजे गिळणे सुरक्षित आहे’ असे मानणे म्हणूनच धोक्याचे असते.

अशा रोग्यास बेरियममिश्रित घास देऊन क्ष-किरण चलत्‌चित्रणाने, किंवा नाकातून लवचिक अंतर्दर्शक घालून गिळणे प्रत्यक्ष पाहतात. उपचारांत व्यायामाला मोठे स्थान आहे. नळीद्वारा अन्न देणे काही काळ अपरिहार्य असले, तरी तोंडाने काहीच न घेतल्यास न वापरलेले स्नायू आणखी क्षीण होतात. म्हणून शक्य तेथे थोडे तरी तोंडाने गिळत राहण्यास सांगतात. लाला ग्रंथी व ग्रसनी-संकोचक स्नायू यांना मिळणारी मात्रा कमी करणाऱ्या नव्या प्रारण-पद्धतींचा लाभ नियंत्रित चाचण्यांतून सिद्ध झाला आहे.

पक्षाघात : किरणांनी रोहिणीच्या आतल्या अस्तराला, तसेच तिच्या भित्तीला रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना इजा होते. भित्ती जाड व कठीण होते आणि मेदयुक्त थर साचण्याची क्रिया वेग घेते. नेहमीच्या विकारात हा थर मुख्यतः रोहिणी दुभागते तेथे असतो. प्रारणजन्य विकारात तो किरणक्षेत्रातील लांब भागात पसरलेला आढळतो. रोहिणी अरुंद झाल्याने किंवा थरावरील गुठळी सुटून मेंदूत अडकल्याने पक्षाघात होतो. नेदर्लंड्समध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, साठ वर्षांखालील ३६७ प्रारणोपचारित रोग्यांत पक्षाघाताचे प्रमाण अपेक्षेच्या ५·६ पट आढळले. दहा वर्षांनंतर हा धोका आणखी वाढलेला दिसला आणि पंधरा वर्षांतील एकत्रित धोका १२ टक्के भरला. रोग्यांपैकी अनेकांना तंबाखूची सवय असते व तिचाही रोहिण्यांवर परिणाम होतो, हे खरे. तथापि सर्व दोष तिच्याच माथी मारता येत नाही.

मानेतील अवटू (थायरॉइड) ग्रंथी किरणांनी मंदावल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते; म्हणून तिची तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करतात. तंबाखू सोडणे, रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉल यांवर नियंत्रण ठेवणे हे उपाय सर्वांस लागू पडतात. श्राव्यातीत तरंगांनी ग्रीवा रोहिण्यांची पाहणी सहज व निर्वेदन होते. पण लक्षणे नसलेल्या रोग्यात ती कधी व कितीदा करावी, याविषयी एकमत नाही. रोहिणी फार अरुंद झाल्यास शस्त्रक्रियेने थर काढता येतो, परंतु व्रणग्रस्त मानेत ती अवघड असते. जाळीदार नलिका बसविणे सोपे असले, तरी पुढे रोहिणी पुन्हा अरुंद होण्याचा संभव राहतो.

दोन विकारांची गल्लत : पक्षाघाताच्या सुमारे निम्म्या रोग्यांत प्रारंभी गिळणे बिघडते. त्यामुळे मानेवर पूर्वी प्रारण घेतलेल्या व्यक्तीचे गिळणे बिघडले, तर ‘जुनाच त्रास’ म्हणून ते सोडून देणे घातक ठरते. तंतुमय बदलाने होणारी अडचण महिनोन्‌महिने वाढत जाते. पक्षाघाताची अडचण काही क्षणांत उद्‌भवते आणि तिच्यासोबत बहुधा तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे ही लक्षणे असतात. मध्यंतरी काही मिनिटांत नाहीशी होणारी अशी लक्षणेही तितकीच गंभीर समजतात. गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोवर, व गिळण्याची चाचणी होईपर्यंत, अशा रोग्यास पाणीसुद्धा पाजत नाहीत. याच्या उलट, किरणांनी जिभेची तंत्रिका काही वर्षांनी निकामी झाल्यास जीभ एका बाजूला झुकते व तिचा अर्धा भाग झिजतो. हा पक्षाघात नव्हे. झीज हीच त्याची खूण होय.

गिळण्याच्या त्रासाचा दुसराही एक परिणाम व्यवहारात दिसतो. गोळी घशात अडकते म्हणून रोगी रक्तदाबाची किंवा गुठळीप्रतिबंधक औषधे घेणे आपणहून सोडतो व पाणीही कमी पितो. आतड्यात विरघळण्यासाठी लेप दिलेल्या अथवा सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटून देणे योग्य नसते. त्यांऐवजी द्रवरूप अथवा पाण्यात विरघळणारा पर्याय वैद्याकडून निवडून घ्यावा लागतो. [⟶ कर्करोग, पक्षाघात].