संध्याकाळी मिटणारी पापणी

सकाळी शाळेत जाताना डोळे टपोरे, आणि संध्याकाळी टीव्हीसमोर एक पापणी अर्ध्यावर आलेली. आई म्हणते, मोबाइल कमी बघ. आजी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते. सकाळी पापणी पुन्हा जागेवर असते, त्यामुळे दृष्ट उतरल्याची खात्रीही पटते! मग एक दिवस मूल जिना उतरताना अडखळतं आणि म्हणतं, दोन-दोन दिसतंय.

दिवस चढेल तशी दमणारी पापणी ही मायस्थेनिया ग्रेव्हिसची खूण असू शकते. नस स्नायूला निरोप धाडते तो अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाच्या हाती. या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती हा निरोप झेलणाऱ्या जागांवर प्रतिपिंडं सोडते. डोळे हलवणाऱ्या स्नायूंना दिवसभर उसंत नसते, म्हणून बहुतेकदा तेच आधी हात टेकतात. पुष्कळ मुलांत आजार डोळ्यांपुरताच राहतो. काहींत मात्र गिळण्या-श्वासापर्यंत पोचतो.

तपासणीची एक पद्धत अगदी घरगुती वाटावी अशी. रबरी हातमोज्यात बर्फ भरून तो मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरतात. (चार वर्षांच्या मुलाला तेवढा वेळ बसवून ठेवणं, ही डॉक्टरांचीच परीक्षा.) मग पापणी दोनेक मिलिमीटर वर आली, तर संशय बळावतो. रक्तात प्रतिपिंडं सापडली नाहीत, तरी आजार नाही असं म्हणता येत नाही.

१९३४ साली लंडनमधल्या ग्रिनिच भागात सेंट अल्फेज रुग्णालयातल्या डॉ. मेरी वॉकर यांना या आजाराची लक्षणं क्युरारे विषाच्या बाधेसारखी वाटली. त्या विषावरचा उतारा, फायसोस्टिग्मिन, त्यांनी एका बाईला टोचला आणि मिटू लागलेली पापणी उचलली गेली. आजची पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच घराण्यातली. पण ती निरोप थोडा जास्त वेळ टिकवते, इतकंच. हल्ला चालूच राहतो. शिवाय पापणी उचलते तितक्या सहज ती तिरळेपणा घालवत नाही.

मोठ्या माणसाला दोन-दोन दिसलं तर तो एक डोळा झाकून काम भागवतो. लहान मुलाचा मेंदू मात्र अजून बघायला शिकत असतो, साधारण सात-आठ वर्षांपर्यंत. पापणीआड गेलेल्या किंवा भलतीकडे वळलेल्या डोळ्याकडून येणारं चित्र तो सरळ सोडून देतो. मग डोळा आळशी होतो. म्हणूनच मूळ हल्ला थोपवणारी औषधं लागतात, आणि जोडीला चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी.

पहिला मान प्रेडनिसोलोनचा. सुरुवातीच्या आठवड्यांत अशक्तपणा उलट वाढू शकतो, म्हणून डोस बहुधा हळूहळू चढवतात. स्टेरॉइडला पालक घाबरतात ते उगाच नाही: चेहरा गोल होतो, भूक खवळते, उंची रेंगाळू शकते, मोतीबिंदूचा धोका असतो. पण घाबरून गोळी एकदम थांबवणं त्याहून वाईट. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्यानं शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. डोस उतरवता यावा म्हणून अनेकदा अ‍ॅझाथायोप्रिन जोडतात. त्याचा गुण यायला महिने लागतात आणि वेळोवेळी रक्त तपासावं लागतं.

प्रतिकारशक्ती दाबलेली असताना जिवंत जंतूंच्या लशी टाळाव्या लागतात. पल्स पोलिओवाली ताई दारात आली की आधी डॉक्टरांना विचारायचं, धाकट्या भावंडासाठीसुद्धा. वर्गात कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी फोन करायचा. दुकानातून आणलेली अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन या मुलांचे स्नायू आणखी ढिले करू शकते.

वयात येण्यापूर्वी आजार झालेल्या काही मुलांत तो आपणहून ओसरतो. तोवर पालकांचा प्रश्न ठरलेला: तिरळेपणाचं ऑपरेशनच का नाही करून टाकत? डॉक्टर मोजपट्टी दाखवतात. सकाळी डोळ्याचा कोन एक, संध्याकाळी दुसरा. हे दोन आकडे महिनोन्‌महिने जुळत राहिले, तरच शस्त्रक्रियेचा विषय निघतो.