दिव्याविना जेल नेलपॉलिश

जेल नेलपॉलिश हा नखांवर लावण्याचा चकचकीत व टिकाऊ रंगलेप असून तो हवेने वाळत नाही, तर ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशात घट्ट होतो. हा प्रकाश देणारा छोटा दिवा ब्यूटी पार्लरमध्ये असतो. घरी तो नसल्यास ऊन, थंड पाणी, हेअर ड्रायर असे अनेक उपाय सुचवले जातात. त्यांपैकी बहुतेकांनी लेप घट्ट झाल्याचा केवळ भास होतो. अर्धवट राहिलेल्या लेपातील रसायने त्वचेला वारंवार लागल्यास कायमची ॲलर्जी जडू शकते, त्यामुळे हा प्रश्न केवळ सौंदर्यप्रसाधनापुरता मर्यादित राहत नाही.

वाळणे आणि घट्ट होणे

मराठीत दोन्ही क्रियांना सरसकट ‘वाळणे’ म्हटले जाते आणि घोटाळ्याचे मूळ बहुधा तेथेच आहे. साध्या नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज हा पदार्थ इथाइल ॲसिटेट, ब्युटिल ॲसिटेट यांसारख्या द्रावकांत विरघळवलेला असतो. द्रावक उडून गेले की नखावर रंगाचा पापुद्रा उरतो. दोरीवरचे कपडे वाळावेत तशीच ही क्रिया असल्याने येथे पंखा किंवा फुंकर उपयोगी पडते.

जेलमध्ये उडून जाण्याजोगे फारसे काही नसते. त्यात ॲक्रिलेट व मेथॅक्रिलेट वर्गातील लहान-मोठे रेणू आणि प्रकाशाने क्रियाशील होणारा एक आरंभक पदार्थ असतो. योग्य प्रकाश पडताच आरंभकाचे रेणू फुटून मुक्त मूलके तयार होतात. ती ॲक्रिलेटच्या रेणूंना एकमेकांशी जोडत जातात आणि अखेरीस जाळीदार, कठीण बहुवारिक तयार होते. अंडे उकडल्यावर घट्ट होते ते त्यातले पाणी उडाल्यामुळे नव्हे, तर आतील रचना बदलल्यामुळे. जेलचेही तसेच आहे. दंतवैद्य दातात भरलेले पांढरे सिमेंट निळ्या प्रकाशाने घट्ट करतात, त्यामागील रसायनशास्त्र याच जातीचे आहे.

दिव्याचे कार्य

नखांसाठीचे दिवे साधारणतः ३६५ ते ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील-अ आणि त्यालगतचा जांभळा प्रकाश देतात. जुन्या नळीच्या दिव्याला एका थरासाठी सुमारे दोन मिनिटे लागतात, तर एलईडी दिव्याला बहुधा अर्धा ते एक मिनिट पुरते. प्रत्येक जेलमधील आरंभक विशिष्ट तरंगलांबीलाच नीट प्रतिसाद देतो. म्हणून एका उत्पादकाचे जेल व दुसऱ्याचा दिवा ही जोडी जमेलच असे नाही.

पूर्ण घट्ट झालेल्या जेलवरही अनेकदा एक चिकट थर राहतो, कारण हवेतील ऑक्सिजन पृष्ठभागावरील क्रिया रोखतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढतात. यावरून चिकटपणा म्हणजे कच्चेपणा नव्हे, हे कळते. पण याची उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे: बोटाला टणक लागणारा लेप आतून कच्चा असू शकतो आणि तो डोळ्यांनी वा स्पर्शाने ओळखता येत नाही.

प्रचलित घरगुती उपाय

थंड पाण्यात वा बर्फात बोटे बुडवल्यास जेल गारठून दाट होते. ऊब मिळताच पुन्हा सैल पडते. हेअर ड्रायरच्या उष्णतेने ते उलट पातळ होऊन नखाच्या कडेने त्वचेवर ओघळते, त्यामुळे हा उपाय निरुपयोगीच नव्हे तर अपायकारक ठरतो. स्वयंपाकाच्या तेलाचा फवारा हा साध्या नेलपॉलिशसाठीचा तोडगा आहे, त्याचा जेलशी संबंध नाही. घरातील नेहमीच्या बल्बमधून लागणारा प्रकाश नगण्य असतो. अतिनील प्रकाशाची खिशातील बॅटरी नखाच्या लहानशा भागावरच झोत टाकते, त्यामुळे कडा कच्च्या राहतात.

उन्हाच्या उपायात मात्र काही तथ्य आहे. सूर्यप्रकाशात अतिनील-अ किरण असतात. खिडकीजवळ ठेवलेली जेलची बाटली आतल्या आत आळून जाते ती त्यामुळेच. परंतु उन्हाची तीव्रता वेळ, ऋतू व ढगांनुसार बदलते आणि ती दिव्याच्या झोताहून बरीच कमी असते. गडद रंगाचा किंवा जाड थर प्रकाश खालपर्यंत पोहोचू देत नाही. परिणामी वर टणक कवच आणि खाली द्रव अशी स्थिती होते. जेलने नखांची लांबी वाढवताना थर बराच जाड असतो, तेथे हा दोष अधिकच वाढतो. शिवाय तेवढा वेळ हाताची त्वचाही उन्हात भाजून निघते.

ॲलर्जीचा धोका

कच्च्या जेलमधील ‘हेमा’ या नावाने ओळखले जाणारे हायड्रॉक्सिइथाइल मेथॅक्रिलेट आकाराने लहान असल्याने त्वचेत सहज शिरते. पहिल्या काही वेळी काहीच जाणवत नाही, आणि फसगत होते ती येथे. शरीर एकदा संवेदनशील झाले की बोटांच्या टोकांना खाज, लाली, फोड, भेगा अशी लक्षणे दिसतात व नख तळापासून सुटू लागते. बोटे लागल्याने पापण्या व चेहऱ्यावरही पुरळ उठतो. ही संवेदनशीलता सहसा आयुष्यभर राहते. ॲक्रिलेट दंतोपचारात, सांधेरोपणासाठीच्या हाडांच्या सिमेंटमध्ये आणि मधुमेहींच्या काही संवेदकांच्या चिकटद्रव्यातही असल्याने नखांच्या हौसेची किंमत पुढे वैद्यकीय उपचारांत मोजावी लागू शकते. साधे रबरी हातमोजे हे रेणू फार काळ अडवू शकत नाहीत.

अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली ॲक्रिलेटला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ’ ठरवले होते. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये घरगुती वापराविषयी इशारा दिला. तेथे तपासलेल्या रुग्णांपैकी २.४ टक्के जणांना या वर्गातील एका तरी रसायनाची ॲलर्जी आढळली होती. युरोपीय संघात हेमायुक्त नखप्रसाधनांवर ‘केवळ व्यावसायिक वापरासाठी’ अशी सूचना बंधनकारक आहे. टीपीओ या आरंभकावर तेथे १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी आली. तिचे कारण मात्र ॲलर्जी नसून प्रजननक्षमतेला असलेला संभाव्य धोका हे आहे.

दिवाही निर्दोष नाही. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांना अशा दिव्याच्या प्रकाशात पेशी मरत असल्याचे व त्यांच्या डीएनएत बदल होत असल्याचे आढळले. हा प्रयोग काचपात्रातील पेशींवर होता, जिवंत हातांवर नव्हे. तरीही सनस्क्रीन लावावे किंवा बोटांची टोके उघडी ठेवणारे हातमोजे वापरावेत, असा त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला असतो.

दिवा न लागणारे पर्याय

‘जेलसारखी चमक’ असे लिहिलेली अनेक नेलपॉलिश वस्तुतः द्रावक उडून वाळणारी असतात. त्यांवर बहुधा खास वरचा लेप द्यावा लागतो. ती खऱ्या जेलइतकी टिकत नाहीत, पण दिवा नसणाऱ्यांसाठी हाच सरळ मार्ग होय. दुसरा प्रकार सायनोॲक्रिलेटचा आहे. हॅरी कूव्हर यांना १९४२ साली गवसलेले व १९५८ मध्ये गोंद म्हणून बाजारात आलेले हे रसायन ओलाव्याने किंवा फवाऱ्यातील सक्रियकाने घट्ट होते. त्याचीही ॲलर्जी काहींना होते. ते कापसावर सांडल्यास कापूस भाजण्याइतका तापू शकतो, म्हणून ते कापसाने पुसू नये.

लावलेले जेल काढणे

दिवा नसताना जेल लावले गेले असल्यास ते नखावर तसेच ठेवू नये. कच्चे जेल अल्कोहोलने भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कागदाने पुसावे आणि त्वचेला लागलेले साबण-पाण्याने लगेच धुवावे. अर्धवट टणक झालेला लेप ॲसिटोनमध्ये १० ते १५ मिनिटे भिजवून सैल करतात; तो खरवडल्यास नखाचे वरचे पापुद्रे निघतात. ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही असल्याने ते गरम करू नये व गॅसच्या शेगडीपासून दूर ठेवावे. खाज वा फोड दिसल्यास वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. नेमक्या कोणत्या रसायनाची ॲलर्जी आहे हे पाठीवर पट्ट्या लावून केलेल्या चाचणीतून कळते.