घरच्या घरी स्पिनिंग हुक किक: आधी उभ्या पायाकडे बघा

आजचा विषय तायक्वांदोतली स्पिनिंग हुक किक, म्हणजे कोरियन भाषेत द्वी हुर्यो चागी. पाठ फिरवून गर्रकन वळायचं आणि टाच समोरच्याच्या डोक्यावर आणायची. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये डोक्यावर साधी किक बसली की 3 गुण होते, फिरून मारलेली बसली की 5. अवघड आहे म्हणूनच ना!

रील्समध्ये सगळ्यांचं लक्ष हवेतल्या पायाकडे असतं. माझं म्हणणं, आधी जमिनीवरचा पाय बघा. समजा उजवा पाय मागे आहे. वळताना सगळं वजन डाव्या पायावर येतं. टाच किंचित उचलून चवड्यावर फिरलात तर पाऊल, गुडघा, कंबर एकत्र वळतात. पाऊल जमिनीला चिकटून राहिलं आणि कंबर मात्र फिरली, तर तो सगळा पीळ गुडघ्यात जातो. गुडघा बिजागरीसारखा आहे हो, वाकायला बनलाय, पिळायला नाही. लिगामेंट आणि मेनिस्कस दुखावतात ते असेच.

म्हणून जाड योगा मॅट नको, चवडा रुततो. ग्रिपवाले शूज नकोत. गुळगुळीत फरशीवर मोजे तर अजिबात नकोत. कोरडी फरशी, अनवाणी पाय, बस.

पहिले काही दिवस मी किक मारतच नाही, नुसतं वळतो. डावी टाच समोरच्या भिंतीकडे येईपर्यंत फिरायचं आणि उजव्या खांद्यावरून मागे बघायचं. कथकमध्ये चक्कर घेताना नजर एका बिंदूवर ठेवतात, मान शेवटी वळते आणि सगळ्यांत आधी परत येते. इथेही तेच. गरगरणं बरंच कमी होतं.

हुक वेगळा शिकायचा. भिंतीला हात लावून उभे राहा, पाय लक्ष्याच्या थोडा बाजूला सरळ लांब करा, मग गुडघा दुमडत टाच आडवी ओढा. प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवरून पाय न लागता गेला पाहिजे, तोही हळू. हळू जमत नसेल तर वेगात जमलंय असं फक्त वाटतं. (आमच्या कोडचंही असंच असतं, पण ते जाऊ दे.)

मग दोन्ही जोडा. पाय आधी जवळ ठेवा, वळून झाल्यावर लांब करा. जवळ असला की शरीर भरभर फिरतं, आधीच पसरला की वेग मरतो. फोन स्टुलावर ठेवून स्लो मोशनमध्ये शूट करा आणि आधी डावी टाच तपासा. किक कितीही भारी दिसू दे, टाच फिरली नसेल तर ती रिपिटेशन मोजू नका.

पूर्ण वेगाने मी घरात मारत नाही, वर पंखा आणि खाली शेजारी. त्यासाठी क्लासच गाठा, पॅड धरायला माणूस लागतोच. आणि गुडघ्याला सूज आली किंवा तो अडकल्यासारखा वाटला, तर व्हिडिओ बंद करा आणि सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा.