तटाआडची घरे

दौलताबादचा किल्ला पाहायला येणारे लोक चांद मिनार, खंदक आणि अंधारी पाहतात, सीताफळे घेतात आणि निघून जातात. किल्ल्याच्या आसऱ्याला एक गाव राहते आणि त्या गावातही पावसाळ्यात पत्रे गळतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. मी त्या गावची. घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. म्हणून गल्लीतले लोक कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. वारसा जपण्याच्या कामात मी ओढली गेले ती अशी.

“पुरातत्त्ववाले घराला हात लावू देत नाहीत,” असा सर्वांचा समज. तो अर्धाच खरा आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली बदल झाले. त्यानुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र. मोजायचे ते हद्दीपासून, मिनारापासून नव्हे! पहिल्या पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नाही. परंतु घर १६ जून १९९२ पूर्वीचे असेल, तर डागडुजीची परवानगी मागता येते. दुसऱ्या पट्ट्यात नव्या बांधकामासाठीही अर्ज चालतो. पहिल्या पट्ट्यात परवानगीवाचून बांधले, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही.

शेजारच्या मावशींचे पत्रे बदलायचे होते. त्याच खर्चात वर एक खोली काढावी, असेही त्यांच्या मनात होते. मी दोन्ही गोष्टी एकाच अर्जात मोठ्या ऐटीत लिहिल्या. अर्ज परत आला. “पोरी, तू तर शिकलेली ना?” मावशी म्हणाल्या. चूक माझीच होती. वरची खोली म्हणजे वाढीव बांधकाम. ते डागडुजीत बसत नाही. शिवाय घर १९९२ पूर्वीचे असल्याचा पुरावाच मी जोडला नव्हता.

कायद्यातल्या मुदती बेरजेला धरल्या, तर निर्णयाला तीन-साडेतीन महिने लागू शकतात. म्हणजे मृगाच्या तोंडावर जागे होऊन उपयोग नाही. संक्रांत झाली की कागद गोळा करायला लागावे.

सगळीकडे एकच शंभर मीटर, हे मला पटत नाही. पण ही मर्यादा नसती, तर किल्ल्याला खेटून आज काय काय उभे राहिले असते, याचाही विचार येतो. प्रत्येक स्मारकासाठी वेगळी वारसा उपविधी करण्याची तरतूद याच कायद्यात आहे, आणि मसुद्यावर लोकांना हरकती व सूचना देता येतात. किल्ल्याविषयी बोलताना गावाने नुसते गाऱ्हाणे न मांडता हा मार्ग धरावा, असे मी घरोघर सांगते. हद्द नकाशावर दाखवून तो नकाशा ग्रामपंचायतीत लावावा, ही आमची पहिली सूचना.

मावशींच्या ट्रंकेत घरपट्टीची एक जुनी पावती सापडली आहे. कडा वाळवीने खाल्ल्या, पण १९८७ साल वाचता येते. आता फक्त पत्र्यांचाच अर्ज लिहायला घेतला आहे.